जुन्या डिझेलवरचा आरोप

शिडाच्या बोटीतले डिझेल इंजिन तीस वर्षांचे झाले आणि एका सकाळी सुरू व्हायला कुरकुरले, की निकाल तयार असतो: "आता बदलून टाका." मरीनात शेजारी बोट बांधलेला गृहस्थ हेच सांगतो, यार्डातला मेकॅनिक हेच सांगतो, आणि जुनी बोट विकत घेताना नेमलेला सर्व्हेअर अहवालात हेच लिहून देतो. इंग्लंडचा दक्षिण किनारा असो, अमेरिकेतला चेसापीकचा उपसागर असो, की मुंबईत गेटवेसमोर मुरिंगला बांधलेल्या मोजक्या यॉट असोत, सल्ला तोच. तो इतका सर्वमान्य झाला आहे की त्याला आधार काय, असे कोणी विचारत नाही. मला ते विचारायचे आहे. माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो मानणाऱ्याचे पैसे तर जातातच, पण ज्या भीतीपोटी त्याने ते खर्च केले, तिचे कारण बोटीत जसेच्या तसे शिल्लक राहते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. आज समुद्रावर फिरणाऱ्या तीस-चाळीस फुटी शिडाच्या बोटींपैकी पुष्कळ बोटी १९७० आणि १९८० च्या दशकांत बांधलेल्या आहेत. त्यांच्या पोटात पर्किन्स ४-१०८, व्होल्वो पेंटाची एमडी मालिका, यानमारची जीएम मालिका अशी इंजिने आहेत. बदला म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे: धातू झिजतो, झिजला की कॉम्प्रेशन जाते, कॉम्प्रेशन गेले की डिझेल पेटत नाही. सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होते. मेकॅनिकच्या तासाचा दर असा, की महिनाभर शोधाशोध करत बसण्यापेक्षा नवे इंजिन परवडते. नवे इंजिन धूर कमी सोडते, आवाज कमी करते, त्याला वॉरंटी असते, बोट विकताना भाव येतो. आणि सगळ्यांत वजनदार मुद्दा सुरक्षेचा. वारा किनाऱ्याकडे ढकलतो आहे, खडक जवळ येत आहेत, अशा वेळी इंजिन बंद पडले तर जुन्यावरचे प्रेम काय कामाचे? हे सगळे अनुभवी माणसे म्हणतात, आणि मनापासून म्हणतात.

पण या मांडणीचा कणा एकच अनुमान आहे: इंजिन बिघडले, कारण ते जुने आहे. आपल्या नैयायिकांनी अशा हेतूला सव्यभिचार म्हटले आहे. साध्य जिथे आहे तिथेही जो सापडतो आणि नाही तिथेही सापडतो, त्या हेतूवरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच साली एकाच कारखान्यातून निघालेली दोन यानमार घ्या. एक आजही पहिल्या सेल्फला उठते, दुसऱ्याची अर्धा तास मनधरणी करावी लागते. वय दोघांचे सारखेच. मग फरक पाडणारे कारण वय असू शकत नाही. ते दुसरे काहीतरी आहे आणि ते शोधणे हेच तर मेकॅनिकचे काम.

वय मोजायचेच असेल तर ते वर्षांत न मोजता तासांत मोजावे. हौसेने शिडाची बोट चालवणाऱ्याचे इंजिन वर्षाला शंभरेक तास चालते: बंदरातून बाहेर पडताना, परत आत येताना, आणि वारा पडला तर मधले काही तास. तीस वर्षांचे झाले तीन हजार. नीट राखलेले लहान मरीन डिझेल पाच हजार तास सहज ओलांडते. ट्रकच्या किंवा जनरेटरच्या डिझेलला तर तीन हजार तास म्हणजे उमेदीचा काळ. तेव्हा शिडाच्या बोटीतले इंजिन चालून चालून संपले, ही गोष्ट क्वचितच खरी असते. ते बिघडते न चालल्याने आणि भलत्या तऱ्हेने चालल्याने. नांगर टाकायचा आणि बॅटरी चार्ज करायला, फ्रिज थंड करायला इंजिन दोन-दोन तास मंद चालू ठेवायचे, ही सवय जगभरच्या यॉटवाल्यांना आहे. इंजिनावर लोड नाही, त्यामुळे सिलिंडर पुरता तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, काजळी रिंगांच्या खाचांत बसते, रिंगा चिकटतात, लायनरवर गुळगुळीत थर चढतो. मग इंजिन ऑइल खाऊ लागते, निळसर धूर सोडते, आणि बघणारा म्हणतो, झिजले. प्रत्यक्षात ते झिजलेले नसून चोंदलेले असते. अशा इंजिनाला काही तास चांगल्या लोडवर पळवले तर चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा मोकळ्या होतात. लायनरवर चकाकी चढली असेल तर मात्र होनिंग करावे लागते. तेही इंजिन बदलण्याच्या मानाने फार लहान काम आहे.

सुरक्षेचा मुद्दा मी मागे ठेवत नाही, कारण माझ्या पक्षाला सर्वांत बळ तिथेच मिळते. खवळलेल्या समुद्रात इंजिन का बंद पडते, ते बारकाईने बघू. टाकीच्या तळाशी पाणी साठलेले असते. काही हवेतल्या ओलाव्याचे, काही डेकवरच्या झाकणाच्या खराब रबरातून झिरपलेले. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, तिथे हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी आणि तिच्या सोबतीचे जंतू वाढतात. त्यांचा काळा, बुळबुळीत गाळ तळाशी बसतो. युरोपातल्या पंपांवरच्या डिझेलात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकते. ते पाणी अधिक धरते, म्हणून तिथे हा त्रास वाढला आहे. बोट मरीनात बांधलेली असते किंवा सपाट समुद्रावर असते तेव्हा गाळ तळाशी पडून राहतो आणि इंजिन घड्याळासारखे चालते. लाटा वाढल्या की टाकी घुसळते, गाळ वर येतो, नळीच्या तोंडाशी जातो, फिल्टर भरतो. इंजिनाचा आवाज खाली येतो, पुन्हा चढतो, पुन्हा खाली येतो आणि थांबतो. म्हणजे बोटीला त्याची सर्वाधिक गरज असते नेमके तेव्हा. धक्क्यावर परतल्यावर गाळ पुन्हा खाली बसतो आणि तेच इंजिन निमूट सुरू होते. 'भरवसा राहिला नाही' हे वाक्य या घटनेतून जन्माला येते.

आता या बोटीत नवे इंजिन बसवा. टाकी तीच, नळ्या त्याच, गाळ तोच. पुढच्या वादळी दिवशी नवे इंजिनही त्याच जागी थांबेल. शिवाय ते कॉमन रेल जातीचे असेल तर नुकसान जास्त. यानमार जीएमसारख्या जुन्या इंजिनाचे नोझल १७० बारच्या आसपास उघडते. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो आणि आतले अंतर काही मायक्रॉनचे असते. जुन्या पंपाने कुरकुरत पचवलेला पाण्याचा थेंब तिथे इंजेक्टरच निकामी करू शकतो. सुरक्षेसाठी खर्च करायचा असेल तर तो आधी टाकीवर करावा: टाकीला हात जाईल एवढे झाकण कापून घ्यावे, तळ खरवडून पुसून काढावा, एकाच्या जागी शेजारी-शेजारी दोन फिल्टर बसवावेत म्हणजे एक भरला की मुठीच्या एका फिरकीत दुसऱ्यावर जाता येते, आणि फिल्टरवर व्हॅक्यूम गेज लावावा म्हणजे तो भरत चालल्याचे आधी कळते.

शिडाच्या बोटीची सुरक्षितता मुळात शिडावर असते, हेही इथे सांगायला हवे. मुंबईत सागवानात बांधलेली 'सुहैली' ही ३२ फुटी बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. ती प्रदक्षिणा शिडांनी घडवली. इंजिनाचे काम बंदराच्या तोंडाशी, अरुंद वाटेत, पडत्या वाऱ्यात. ते थोडे असले तरी तिथे दगा चालत नाही, आणि म्हणूनच दगा कुठून येतो हे माहीत असले पाहिजे.

ते शोधण्याची एक रीत मला फार आवडते, कारण तिला हत्यार जवळपास लागत नाही आणि ती वाद मिटवते. स्वच्छ डिझेलचा दहा लिटरचा कॅन इंजिनापेक्षा थोडा उंच, घट्ट बांधून ठेवायचा. टाकीकडून फिल्टरकडे येणारी नळी सोडवायची आणि लिफ्ट पंपाला जोडलेल्या दुसऱ्या स्वच्छ नळीचे टोक त्या कॅनमध्ये बुडवायचे. रिटर्नची नळीही त्यातच सोडायची. हवा काढायची आणि बोट धक्क्याला पक्की बांधून, गिअर टाकून, लोडवर तासभर चालवायचे. इंजिन निर्वेध चालले तर ते निर्दोष ठरले. दोष टाकी, नळी, फिल्टर यांच्यात आहे. हा शुद्ध व्यतिरेक: संशयित बाजूला काढला, दोष गेला, म्हणून दोष त्याचाच. तरीही थांबले तर पंप आणि नोझल यांच्याकडे वळायचे. एका दुपारचे हे काम न करता कित्येक इंजिने बोटीबाहेर काढली गेली आहेत.

याच वाटेवर हवा घेण्याचा दोष असतो आणि तो फार फसवतो. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. म्हणून जोड ढिला असला तरी बाहेर थेंब दिसत नाही, उलट आत हवा जाते. मालक कोरडे जोड बघतो आणि गळती नाही असे मानतो. फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून बघा. जोड ढिला असेल तर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक धावताना दिसतात. तांब्याचा वॉशर बदलला किंवा फिल्टरच्या झाकणाचे रबर नवे घातले की बुडबुडे थांबतात. टाकीचा श्वास घेण्याचा पाइप मिठाने किंवा किड्यांच्या मातीने बुजला तरी लक्षणे हीच. डेकवरचे झाकण उघडल्यावर इंजिन सावरले, तर कारण हातात आले.

दुसरा मोठा आरोप: जोर राहिला नाही, काळा धूर सोडते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. ती कमी का, याची कारणे इंजिनाच्या आतही असतात आणि बाहेरही, पण बाहेरची आधी बघायची सोडून लोक थेट आत जातात. बोटीच्या इंजिनात जळका वायू आणि थंडाव्याचे समुद्रपाणी एका लोखंडी एल्बोमध्ये एकत्र येतात आणि मिळून बाहेर पडतात. ओल्या भिंतीवर काजळी चिकटते, तिच्यावर मीठ बसते, पुन्हा काजळी. माझ्या समोर उघडलेल्या एका यानमार ३जीएम३० चा एल्बो मला स्पष्ट आठवतो. बोट गिअरमध्ये २४०० फेऱ्यांच्या वर जात नव्हती, मागे पाण्यावर काळा तवंग राहत होता, आणि मालकांच्या खिशात नव्या इंजिनाचे कोटेशन होते. बोल्ट सुटेपर्यंतच निम्मा दिवस गेला. एल्बो हातात आला तेव्हा आतली वाट करंगळी कशीबशी जाईल एवढी उरली होती. भोवती कोळशासारखा कडक थर, मध्ये मिठाचे पांढरे कण. तीन सिलिंडरांचा उच्छ्वास एवढ्या भोकातून जात होता. नवा एल्बो बसला आणि तेच इंजिन ३४०० ला पोचले. ३जीएम३० च्या सततच्या वापराचा आकडा तेवढाच आहे. हा एल्बो फिल्टरसारखाच संपणारा भाग आहे, दर पाच-सहा वर्षांनी काढून बघावा. कोटेशन देणाऱ्याने तो काढून बघितला नव्हता.

बोटीच्या पंख्याचेही (प्रोपेलरचेही) असेच. फेऱ्या वाढल्या की पंख्याला लागणारी शक्ती साधारण त्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच्यावर बार्नॅकलचा थर चढला की इंजिन वरच्या फेऱ्यांना पोचूच शकत नाही. मुंबईच्या बंदरासारख्या उबदार पाण्यात तो थर काही आठवड्यांत चढतो. न्यूट्रलमध्ये इंजिन पूर्ण फेऱ्या घेते आणि गिअर टाकल्यावर दबते, तर पाण्यात उतरून पंख्याकडे बघावे. न्यूट्रलमध्येही घेत नसेल तर डिझेल, हवा, एल्बो.

आता पूर्वपक्षाचा बालेकिल्ला, कॉम्प्रेशन. डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. पर्किन्स ४-१०८ मध्ये हे प्रमाण २२ ला १ आहे. दाब कमी पडला तर पेट नाही, हे खरेच. पण दाबलेल्या हवेची उष्णता थंड लोखंडात झपाट्याने निघून जाते, म्हणून ती हवा वेगाने दाबली गेली पाहिजे. सेल्फ सावकाश फिरला तर उत्तम रिंगांचे इंजिनही पेटणार नाही आणि 'कॉम्प्रेशन गेलंय' असा शिक्का बसेल. सेल्फ सावकाश का फिरतो? बॅटरी थकलेली, केबलच्या टोकाला हिरवट गंज, ब्लॉकवरचा अर्थिंगचा जोड ढिला. व्होल्टमीटरची एक पिन बॅटरीच्या टोकाला आणि दुसरी सेल्फच्या बोल्टला लावून सेल्फ मारा. मधल्या केबलने अर्ध्या व्होल्टाहून जास्त खाल्ले तर गुन्हेगार केबल आहे. यानमार बसवलेल्या बोटींत किल्लीच्या पॅनेलपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत जाणारी बारीक, लांब वायर प्रसिद्धच आहे. जोड जुने झाले की सोलेनॉइडला पुरेसे व्होल्टेज पोचत नाही, नुसती टकटक होते. जवळ एक रिले बसवला की प्रश्न मिटतो.

कॉम्प्रेशन मोजायचे तर रीतीने मोजावे. पेट्रोल गॅरेजचा गेज इथे चालत नाही, कारण अशा डिझेलचा आकडा साधारण २५ ते ३५ बारच्या घरात असतो. आधी टॅपेटची फट बघावी. फट फारच कमी असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि सगळा दाब तिथून जातो. मग पाना आणि फीलर गेज घेऊन तासाभरात दुरुस्त होणाऱ्या दोषासाठी इंजिन भंगारात जाते. मोजताना इंजिन कोमट हवे, बॅटरी भरलेली हवी, सगळी नोझले काढलेली हवीत. आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक अधिक बोलका असतो. आणि आकडा कमी आला तरी प्रश्न उरतोच, हवा जाते कुठून? पिस्टन वर आणून नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान द्यायचा. हवा येते त्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडाशी आली तर रिंगा. पहिल्या दोन प्रकारांत फक्त हेड उतरवून वर्कशॉपला न्यायचे, ब्लॉकला हात लावायचे कारण नाही. 'कॉम्प्रेशन कमी' एवढ्यावर थांबणारा अहवाल अर्धाच आहे.

ऑइल दुधट झाले, हा तिसरा पुरावा देतात आणि लगेच म्हणतात, ब्लॉक तडकला. तडकलेला असूही शकतो. पण शिडाच्या बोटीत इंजिन बरेचदा पाण्याच्या पातळीखाली बसलेले असते, आणि समुद्रपाणी मागच्या दाराने, एक्झॉस्टमधून, सिलिंडरात शिरते. त्याला अडवणारा अँटी-सायफन व्हॉल्व्ह मिठाने चिकटला की बोट उभी असताना पाणी हळूहळू आत उतरते. दुसरी वाट माणूस स्वतः उघडतो. इंजिन पेटत नाही म्हणून तो सेल्फ मारत राहतो. प्रत्येक फेरीला पंप समुद्रपाणी सायलेन्सरमध्ये लोटतो, पण ते बाहेर फेकायला जळका वायू नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे इंजिनात येते. पाणी दाबले जात नाही. पुढच्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून लांब सेल्फ मारायचा तर समुद्रपाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि इंजिन पेटताक्षणी उघडावा. ही सूचना प्रत्येक बोटीत इंजिनाच्या झाकणावर लिहिलेली असायला हवी, असे मला कळकळीने वाटते. बुडालेले इंजिन त्याच दिवशी नोझले काढून, हाताने फिरवून, ऑइल दोन-तीनदा बदलून वाचते. आठवडाभर तसेच राहिले तर गंजून जाम होते. आणि मूळ व्हॉल्व्ह दुरुस्त न करता नवे इंजिन बसवले तर तेही त्याच पाण्यात बुडते.

खर्चाचा हिशेबही पुरा मांडला जात नाही. कोटेशनमधला ठळक आकडा इंजिनाचा असतो. पण जुने व्होल्वो अडीच हजार फेऱ्यांवर काम करत होते, आजची लहान इंजिने तीन हजार-छत्तीसशेवर करतात. म्हणजे गिअरबॉक्सचे गुणोत्तर बदलते, त्याबरोबर पंख्याचा व्यास आणि पिच बदलतो, कधी पंख्याची फिरण्याची दिशाच उलटी होते. पाय जुन्या फाउंडेशनवर बसत नाहीत, ते कापून नवे घडवावे लागते. एक्झॉस्टचा व्यास वाढतो, पॅनेल आणि वायरिंग नवे, कधी शाफ्ट नवा. हे सगळे धरून बसवण्याचा खर्च अनेकदा इंजिनाच्या किमतीला जाऊन भिडतो. जुन्या इंजिनाची नोझले तपासणे, एल्बो, पाण्याचा पंप, हीट एक्स्चेंजर, इंजिनाचे पाय, सगळ्या नळ्या, टाकीची सफाई हे सारे एकत्र केले तरी त्या बेरजेचा लहानसा हिस्साच होतो.

अलीकडे आणखी एक पक्ष पुढे आला आहे: डिझेलच नको, बॅटरी-मोटर बसवा. धक्क्यापासून दोन मैलांत फिरणाऱ्याला ती उत्तम आहे. पण लिटरभर डिझेलात दहा किलोवॅट-तासांच्या आसपास ऊर्जा असते आणि लहान इंजिन तिचा पाव ते तिसरा हिस्सा शाफ्टपर्यंत पोचवते. दहा किलोवॅट-तासांची महागडी बॅटरी म्हणजे तीन-चार लिटर डिझेल. दिवसभर वाऱ्याविना चालावे लागणाऱ्यासाठी हे गणित अजून जुळत नाही.

आपल्या कोकणात हा वाद कधी झालाच नाही. हर्णै, मिरकरवाडा, ससून डॉक इथल्या ट्रॉलरवरची इंजिने हौसेच्या यॉटपेक्षा कितीतरी पट अधिक तास चालतात. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्याला आल्या की इंजिन उतरवले जाते आणि लायनर-पिस्टन, बेअरिंगा, नोझल यांतले गेले असेल ते बदलून पुन्हा बांधले जाते. बोटीचा ड्रायव्हर 'किती वर्षांचं?' असे विचारत नाही, 'काय गेलंय?' असे विचारतो. हा प्रश्न बरोबर आहे. पण मी या उदाहरणाला ताणणार नाही. ट्रॉलरवर बहुधा ट्रकच्या घराण्यातली इंजिने असतात, त्यांचे भाग आपल्याकडे सहज मिळतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या व्होल्वो एमडीचे हेड मिळवायचे तर जग पालथे घालावे लागते आणि मिळालेच तर किंमत डोळे पांढरे करते.

म्हणून इंजिन कधी बदलावे, हे मी टाळत नाही. समुद्रपाणी थेट ब्लॉकमधून फिरवून थंड होणारी इंजिने आहेत; ३जीएम३० तशी आणि गोड्या पाण्याच्या वेगळ्या फेऱ्याची, दोन्ही प्रकारांत मिळत असे. थेट समुद्रपाण्याच्या इंजिनात जस्ताचे अॅनोड वर्षानुवर्षे बदलले नाहीत तर मीठ लोखंड आतून खाते. पाण्याच्या वाटेची भिंत पातळ झाली, हेडवर खड्डे पडले, तर तिथे दुरुस्ती नाही. सगळ्या सिलिंडरांतून रिंगांवाटे हवा जाते, मोजल्यावर लायनरची झीज मर्यादेबाहेर निघते आणि त्या मापाचे पिस्टन मिळत नाहीत, तर बदलावे. क्रँक किंवा ब्लॉक तुटला तर चर्चाच नको. दूरच्या समुद्रप्रवासाला निघायचे आहे आणि तपासणीत इंजिन काठावर उतरले, तरी मी बदलाच म्हणेन. 'जुने ते सोने' म्हणत ब्लॉक वेल्डिंग करत बसणारे माझ्या पक्षाचे नव्हेत. या प्रत्येक कारणामागे मोजमाप आहे, आणि त्यांत वर्षे मोजायची गरज कुठेच पडलेली नाही.

बदलायचे ठरले तर नवे इंजिन येण्याआधी टाकी रिकामी करून साफ झालेली असावी, अँटी-सायफन व्हॉल्व्ह नवा असावा, एक्झॉस्टची चढण पुन्हा मोजलेली असावी. तीस अश्वशक्तीच्या आतले असेल तर यांत्रिक पंपाचे घ्यावे. कुबोटाच्या ब्लॉकवर बांधलेली बीटा किंवा नानी यांची इंजिने तशी मिळतात, आणि त्या ब्लॉकचे मूळ भाग ट्रॅक्टर आणि लहान खोदयंत्रांसाठीही बनत असल्याने दूरच्या बंदरातही सापडण्याची आशा असते. पंख्याचे गणित इंजिन ठरवतानाच करून घ्यावे, नंतर नव्हे. आणि शेवटचे अलाइनमेंट जमिनीवर करून चालत नाही, कारण ठोकळ्यांवर टेकलेल्या बोटीचा आकार पाण्यात उतरल्यावर किंचित बदलतो. बोट पाण्यात एक-दोन दिवस राहू द्यावी, दोरखंड ताणून डोलकाठी नीट बसवावी, मग शाफ्टची कपलिंग सोडून दोन तबकड्यांमधली फट फीलर गेजने चारही बाजूंनी मोजावी. चार इंची तबकडीला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. हे पाण्यातले मोजमाप कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहून घ्यावे. तशी ओळ नसेल तर यार्डात ते बहुधा राहून जाते आणि सहा महिन्यांत इंजिनाचे पाय व शाफ्टचे बेअरिंग खराब होऊ लागते.